शेजारी कोण बसतं?

2024च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने पोषण आहारातल्या अंड्यांविषयी एक शासन निर्णय काढला. आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, हे आधीच्या नोव्हेंबरात ठरलं होतं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं. त्यावरून गदारोळ झाला, निवेदनं गेली आणि मग हा नवा कागद आला. ज्या शाळेत 40 टक्के पालकांचा विरोध असेल तिथे अंडं नको, ही त्यातली तरतूद वर्तमानपत्रांत गाजली. दुसरी तरतूद त्या मानाने कुणाच्या लक्षात राहिली नाही. कोण अंडं खातं आणि कोण नाही हे वाढणाऱ्याला चटकन कळावं, म्हणून मुलांच्या ओळखपत्रावर लाल किंवा हिरवा ठिपका द्यावा, असं तिच्यात म्हटलं होतं. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा.

हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. शाकाहारी घरातल्या मुलाच्या ताटात चुकून अंडं पडू नये, एवढाच हिशेब त्यामागे असावा. पण मंत्रालयातला माणूस जे ‘नोंद’ म्हणून बघतो, ते चौथीतलं पोर गळ्यात घालून हिंडतं. मुलांना एकमेकांची वर्गवारी करायला फार काही लागत नाही. मोठ्यांनी छापून दिलेला ठिपका तर आयतंच साहित्य. जानेवारी 2025मध्ये सरकारने अंड्यांसाठीचा निधीच बंद केला आणि ठिपक्याचा प्रश्न मागे पडला. पण शाळेतल्या धार्मिक-जातीय चिडवाचिडवीबद्दल लिहायचं तर सुरुवात मुलांच्या तोंडच्या शिव्यांपासून करून चालणार नाही, हे त्या कागदामुळे माझ्या डोक्यात पक्कं झालं. सुरुवात मोठ्यांनी केलेल्या मांडणीपासून करावी लागते: कोणाला कुठे बसवलं, कोणाचं नाव कशा सुरात घेतलं, कोणाला उभं केलं.

मुलं तशी सगळ्यांनाच चिडवतात. ढापण्या, जाड्या, काळ्या, तोतऱ्या. युनेस्कोने 2019मध्ये जगभरातल्या पाहण्या एकत्र करून जो अहवाल काढला, त्यात साधारण तीनांतल्या एका मुलाने मागच्या महिन्याभरात आपल्याला सतावलं गेल्याचं सांगितलं होतं. कारणांत सगळ्यांत वर होतं दिसणं. वंश, राष्ट्रीयत्व आणि रंग त्याखाली. धर्माचं नाव घेणारी मुलं त्यांहून बरीच कमी. यावरून धर्म हे किरकोळ कारण आहे असा अर्थ काढायचा मोह होतो. आपल्याकडे मात्र ‘काळ्या’ ही हाकसुद्धा पुष्कळदा निव्वळ रंगाबद्दल नसते, हे गावातल्या कुठल्याही शाळेत शिकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. शिवाय चष्म्यावरून चिडवलेला मुलगा घरी जाऊन रडू शकतो, आई त्याला जवळ घेते. धर्मावरून, जातीवरून चिडवलेल्या मुलाची आईही त्या शिवीत असते, आजोबाही असतात, घरात शिजणारं अन्न असतं, भिंतीवरचा फोटो असतो. घरी सांगायचं म्हणजे आईलाच ती शिवी ऐकवायची. म्हणून पुष्कळ मुलं सांगतच नाहीत.

आणि शब्द त्यांचे नसतात. ‘पाकिस्तानी’, ‘कोट्यातला’, ‘सरकारी जावई’, पारध्याच्या पोराला ‘चोर’. आठ वर्षांच्या मुलाला आरक्षण म्हणजे काय हे कळत नाही, सरकार म्हणजे काय हेही धड कळत नाही. पारध्यांसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा 1871चा. तो 1952मध्ये रद्द झाला, पण शाळेच्या मैदानावर पेन्सिल हरवली की अजूनही पहिली नजर कुणाकडे वळते ते बघा. मुलाने तो कायदा वाचलेला नाही. त्याने जेवणाच्या टेबलावरचं बोलणं ऐकलंय.

नाझिया एरम यांचं ‘मदरिंग अ मुस्लिम’ हे पुस्तक 2018च्या सुमारास आलं, तेव्हा इंग्रजी वर्तुळात त्याची बरीच चर्चा झाली. मराठीत फारशी नाही. त्या 12 शहरांतल्या 145 कुटुंबांशी बोलल्या होत्या, बहुतेक सुस्थितीतली, मुलं महागड्या शाळांत शिकणारी. मुलगी झाल्यावर तिचं नाव ‘फार मुसलमानी’ वाटेल का, या प्रश्नापासून त्यांचा शोध सुरू झाला होता. तुझे वडील घरी बॉम्ब बनवतात का, असं वर्गात विचारलं जाणं. सीमेवर काही घडलं की दुसऱ्या दिवशी बाकावरचा शेजारी बदलणं. भांडण कशावरूनही झालं तरी शेवटी ‘पाकिस्तानात जा’वर येणं, अशा गोष्टी त्यात घराघरांतून येतात. मला त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं निरीक्षण मुलांबद्दलचं वाटलं नाही, शाळांबद्दलचं वाटलं. आमच्याकडे असं काही होत नाही, हे उत्तर जवळपास ठरलेलं. मराठी शाळांतही याहून वेगळं ऐकू येत नाही. पोरांचं काय मनावर घेता, आज भांडतील, उद्या गळ्यात गळे घालतील! हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं सोयीचं आहे. भांडण विसरलं जातं. बाकावरची जागा बदललेली राहते.

उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातलं खुब्बापूर हे गाव 24 ऑगस्ट 2023नंतर देशभर माहीत झालं. खासगी शाळा, वर्ग शिक्षिकेच्या घरातच. सात वर्षांच्या एका मुसलमान मुलाला पाढे आले नाहीत. शिक्षिकेने वर्गातल्या मुलांना एकेक करून पुढे बोलावलं आणि त्याच्या गालफडात मारायला लावलं. हळू मारणाऱ्याला जोरात मार म्हणून सांगितलं. मधूनच मुसलमान मुलांबद्दल शेरेबाजी केली. कुणीतरी चित्रफीत काढली म्हणून हे जगाला दिसलं. पुढे आपण अपंग असल्याने उठता येत नव्हतं, म्हणून मुलांना सांगितलं, असा खुलासा शिक्षिकेने केला.

त्या चित्रफितीत मार खाणाऱ्या मुलाकडे सगळ्यांनी पाहिलं, ते साहजिकच होतं. पण मारणारी मुलं पाहायला हवीत. त्यांतल्या काहींचे हात अर्धवटच उठतात. एखादा येतो, हळूच टपली मारल्यासारखं करतो आणि जागेवर जाऊ बघतो. त्याला परत सांगावं लागतं. म्हणजे या वर्गाला द्वेष शिकवावा लागत होता आणि तोही एका वेळी एका मुलाला. बाई स्वतः उठल्या असत्या आणि त्यांनीच मारलं असतं, तर ती छडीची एक जुनीच गोष्ट झाली असती. इथे त्यांनी वर्गाची मांडणी केली: मधे एक, समोर बाकीचे, आणि प्रत्येकाला पाळी.

महात्मा गांधींचे पणतू, मुंबईचे तुषार गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती अभय ओक आणि पंकज मित्तल यांच्या खंडपीठाने 25 सप्टेंबर 2023 रोजी उत्तर प्रदेश सरकारला चांगलंच फैलावर घेतलं. घटना जशी सांगितली जाते तशी घडली असेल, तर ती राज्याच्या सदसद्विवेकाला धक्का देणारी आहे, असा न्यायालयाचा सूर होता. मुलाला केवळ तो एका विशिष्ट धर्माचा आहे म्हणून शिक्षा झाली असेल, तर तिथे दर्जेदार शिक्षण असूच शकत नाही, हेही. शिक्षण हक्क कायद्याखालच्या त्या राज्याच्या नियमांत, जात, वर्ग, धर्म किंवा लिंग यांवरून मुलाचा छळ होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे, याकडे न्यायालयाने बोट दाखवलं. चौकशी वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्याकडे गेली. समुपदेशनाचा विषय आला तेव्हा न्यायालयाने फक्त त्या मुलाचा विचार केला नाही; ज्यांना मारायला लावलं त्या वर्गमित्रांनाही समुपदेशन द्या म्हणून सांगितलं, आणि ते कसं करायचं हे सुचवायचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपवलं. राज्य सरकारची त्याबाबतची चालढकल न्यायालयाला पुन्हा पुन्हा टोचावी लागली, हा पुढचा भाग.

मारणाऱ्या मुलालाही इजा झालेली असते, ही गोष्ट न्यायालयाच्या कागदावर येणं मला मोठं वाटतं. आपल्या कायद्यांत या मुलाला जागाच नाही. शिक्षण हक्क कायद्याचं 17वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करतं, पण कारवाई शिक्षकावर, सेवानियमांप्रमाणे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999चा; त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कॉलेजच्या वसतिगृहासाठी ठीक, तिसरीतल्या पोराला तो लावणार कोण? शाळांत तक्रारपेट्या आल्या, 2022पासून सखी सावित्री समित्या आल्या, त्या गरजेच्याच आहेत. पण ‘मला माझ्या आडनावावरून चिडवतात’ अशी चिठ्ठी त्या पेटीत पडली, तर पेटी उघडणाऱ्याने पुढे करायचं काय, हे कुठे सांगितलेलं नाही.

आडनाव हा आपल्याकडचा सगळ्यांत जुना ठिपका. हजेरी घेताना ते रोज मोठ्याने वाचलं जातं. वर वर्षातून एकदा शिष्यवृत्तीचा अर्ज येतो आणि शिपाई दारात उभा राहून सांगतो, एससी-एसटीची मुलं ऑफिसात या. चाळीस डोळे वळतात. हे महाराष्ट्रातल्या हजारो शाळांत अजून घडतं, त्यात कुणाचा दुष्टावा नसतो, फक्त तो अर्ज पालकांच्या हातात बंद पाकिटातून देता आला असता हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

त्याने काय बिघडतं, याचं मोजमाप झालेलं आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा उच्चजातीय आणि दलित मुलांची कामगिरी जवळपास सारखी. मग दुसऱ्या काही गटांत, सुरुवातीला फक्त एवढंच केलं की प्रत्येकाचं नाव, गाव, वडील, आजोबा आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. दलित मुलांनी सोडवलेली कोडी साधारण पाचव्या हिश्श्याने घटली. कुणी शिवी दिली नव्हती. कुणी हसलंही नव्हतं.

सातारच्या सरकारी हायस्कुलात, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा दाखल झाला. त्या तारखेला आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन पाळतात. बसायला घरून आणलेलं तरटाचं बस्कर. शाळा सुटली की ते परत घरी न्यायचं, कारण झाडणारा नोकर त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं आहे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात फळ्यावर गणित सोडवायला ते उठले तेव्हा पोरांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. या दोन ठिकाणांत एक फरक दिसतो. साताऱ्यात अंतर शाळेने आखलेलं होतं. मुंबईत कुणी काही आखलं नव्हतं, मुलांनीच ते आपणहून आणलं. फळ्याजवळच्या शिक्षकाने त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर? चरित्रकार त्याबद्दल काही सांगत नाहीत.

मराठी दलित आत्मकथनं शाळेच्या अंगाने सलग वाचून पाहावीत. त्यांत गुरुजी फार वेळा येतात आणि फार वेळा काहीच करत नाहीत. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ची सुरुवातच शाळेच्या सहलीने होते: सवर्ण मुलांची पंगत एका झाडाखाली, महारांच्या मुलांची दुसऱ्या, मग उरलेलं अन्न इकडे. दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणतात, सहलीवर निबंध लिहा. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधल्या फलटणच्या मुली मात्र वेगळ्याच. वर्गात एका कोपऱ्यात बसवलेल्या, उच्चवर्णीय मुलींची टोचणी ऐकणाऱ्या, पण टोळीने असल्यामुळे शाळेबाहेर हिशेब चुकता करणाऱ्या. एकटी असती तर ती मुलगी गप्प बसली असती; दहा-बारा जणी होत्या म्हणून त्या भांडल्या. आणि ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये शाळेतल्या शेणावरून गुरुजींनी मुलीला थोबाडीत मारली, तेव्हा तिच्या आयेने त्यांना भर रस्त्यात गाठून जाब विचारला. आयदानं विणून पोट भरणारी विधवा बाई. शाळेच्या दृष्टीने ती कुणीच नव्हती.

मात्र दुसऱ्या बाजूची मांडणीही याच मुलखात झाली आणि ती भाषणांनी झाली नाही. कोल्हापुरात 1896मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुलं वसतिगृह निघालं. खुलं होतं, पण चालवणारे एकाच जातीचे. हळूहळू बाकीची मुलं गळाली. शाहू महाराजांनी मग 1901पासून जातवार वसतिगृहं उभी केली: मराठ्यांचं, जैनांचं, मुसलमानांचं, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आज ते वाचताना खटकतं, पण पहिला प्रयोग फसल्यावर हा मार्ग निघाला हे विसरून चालत नाही. नुसतं ‘सगळ्यांना खुलं’ म्हटल्याने सगळे येत नाहीत आणि आलेले टिकत नाहीत. याच शाहूंनी 1919मध्ये संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सरसकट सरकारी शाळांत घालण्याचा हुकूम काढला.

जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा एक दांडगा विद्यार्थी होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आला, परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला तयार होईना, आणि वसतिगृहातून बाहेर पडला, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. याच भाऊरावांनी 1919मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924मध्ये साताऱ्यात वसतिगृह. तोच सातारा, तरटाच्या बस्करानंतर फक्त 24 वर्षांनी. मराठा, महार, मुसलमान, जैन, मांग, सगळी मुलं एका छपराखाली. आणि ती नुसती राहत नव्हती. दळण, पाणी भरणं, भाकऱ्या भाजणं, वाढणं हे सगळं पाळीपाळीने त्यांनाच करावं लागे. ज्याच्या हातचं पाणी घरी चालत नाही, त्याच्या हातची भाकरी इथे न खाऊन सांगणार कुणाला? उपाशी राहायचं तर राहा! 1927मध्ये गांधीजी येऊन गेले, त्यांच्या हस्ते या घराला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. मुलांना खाऊ घालायला भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा, हे रयतच्या प्रत्येक शाळेत सांगितलं जातं. दळणाची पाळी मात्र फारशी सांगितली जात नाही. मला तीच सगळ्यांत हुशारीची गोष्ट वाटते. एकत्र बसवलं तर मुलं शेजारी बसून वैर करू शकतात. एका जात्यावर दोघांना बसवलं तर खुंटा दोघांना मिळून धरावा लागतो.

आज परिपाठ आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, 2013पासून संविधानाची उद्देशिका, सुविचार, कुठे कुठे साने गुरुजींची प्रार्थना. रोज सकाळी रांगेत उभं राहून लाखो मुलं बंधुतेचा उच्चार करतात. ते बंद करा असं नाही. पण परिपाठ संपल्यावर मुलं कुठे जातात ते पाहा. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते, ही अभिमानाची गोष्ट. पण पुष्कळदा एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर मराठी, वरच्या मजल्यावर उर्दू, मधल्या सुट्ट्या वेगळ्या, जिने वेगळे. 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुसलमान कुटुंबं मुंब्र्याकडे सरकली. मग तिथल्या वर्गात हिंदू मुलं क्वचित आणि दादर-डोंबिवलीच्या वर्गात मुसलमान मुलगा एखादा. फलटणच्या मुलींना टोळी तरी होती. त्या एखाद्याला तीही नाही, आणि त्याच्याबद्दलचे सगळे शब्द बाकीच्यांना टीव्हीवरून आलेले.

मिसळलेला वर्ग काय करतो, याचा चांगला अभ्यास दिल्लीत झाला. तिथल्या महागड्या शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखायला लागल्या, तेव्हा काही तुकड्यांत अशी मुलं होती, काहींत नव्हती. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी या तुकड्यांतल्या श्रीमंत मुलांची तुलना केली. त्यांत एक रिले शर्यत होती: बक्षिसाचे पैसे लागलेले, आणि जोडीदार निवडताना वेगवान पण गरीब मुलगा घ्यायचा की संथ पण आपल्यातला. गरीब मुलांबरोबर शिकलेल्यांनी भेदभाव कमी केला. ती दानाच्या बाबतीतही अधिक मोकळ्या हाताची निघाली, गरीब मुलांशी खेळायला अधिक तयार. इंग्रजीचे गुण थोडे घसरले, गणित आणि हिंदीत फरक नाही. वर्गात शिवीगाळ थोडी वाढली. शेवटची बाब काही पालक फार गंभीरपणे घेतील. मला विचाराल तर ‘पाकिस्तानी’ या शिवीपेक्षा साध्या शिव्या परवडल्या. राव यांनी आणखी एक पाहिलं होतं: ज्या मुलांचे अभ्यासगट हजेरीपटाच्या क्रमाने पडत होते, त्यांच्यात नावाच्या आद्याक्षरामुळे गरीब सोबती आपोआप गटात आला, तिथे परिणाम बऱ्यापैकी दिसला. म्हणजे नावं पुकारणारी तीच हजेरी, पण तिने इथे दोघांना एका कामाला जुंपलं.

आपल्याकडे अशा वर्गाचं एकच सरकारी दार उरलं आहे: शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागा. फेब्रुवारी 2024मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा नाही असं ठिकाण शोधावं लागतं, त्यामुळे दार जवळपास बंदच झालं होतं. पालक मुंबई उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती मिळाली, 19 जुलै 2024 रोजी तो बदल रद्द झाला, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हाच निकाल कायम ठेवला.

दार उघडं राहिलं, पण ते आठवीपर्यंतच. कायदा 6 ते 14 वयाचा. नववीत त्या मुलाला पूर्ण फी भरावी लागते, ती बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते, आणि दाखला काढून तो वस्तीजवळच्या शाळेत जातो. बाकीच्यांचा वर्ग तोच राहतो. चिडवणं जिथून पुढे खरं धारदार होतं, दहावीचे मार्क, प्रवेशाच्या याद्या, कोटा हे सगळं जिथे सुरू होतं, नेमका त्याच वर्षी तो शेजारी बाकावरून उठलेला असतो.